आंदणात आलेली यंत्रं

शहापूर-मुरबाडकडच्या ज्या बायका आज साठी-सत्तरीच्या आहेत, त्यांच्याइतक्या चुली दुसऱ्या कुठल्या पिढीनं बदलल्या असतील असं वाटत नाही. लाकडाची चूल, वखारीतल्या भुशाची शेगडी, वातीचा स्टव्ह, पंपाचा स्टव्ह, गॅस आणि आता मुलांनी आणून ठेवलेली इंडक्शनची काळी काच. आमच्या आया एकाच चुलीपुढे म्हाताऱ्या झाल्या. आमच्या सुना मोबाइल बघत फोडणी देतात. मधल्या आम्ही, प्रत्येक खोक्यातून निघालेलं यंत्र पहिल्यांदा हाताळणाऱ्या.

या यंत्रांची आमच्याकडे परीक्षा व्हायची, आणि तिचा पेपर कंपनीनं काढलेला नसायचा. तांदळाची भाकरी, कडव्या वालाचं बिरडं, गावठी कोंबडा आणि भाजल्या कांद्या-खोबऱ्याचं वाटण, असे चारच विषय. यांत जे टिकलं ते ओट्यावर राहिलं. बाकीचं माळ्यावर गेलं, आणि दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी खाली येऊन पुन्हा वर जातं.

पहिलं यंत्र मात्र स्वयंपाकघरात आलंच नाही. ते गावाबाहेर बसलं. भातगिरणी. त्याआधी पहाटे उखळात भात कांडायचं, सुपानं पाखडायचं, मग चूल पेटायची. सासू, जावा, नणंदा, शेजारची एखादी आत्या अशा दोघीदोघी समोरासमोर उभ्या राहून मुसळ घालायच्या, आणि घरातल्या निम्म्या गोष्टी त्या वेळातच ठरायच्या. कोणाची सोयरीक, कोणाचं बाळंतपण, कोणाच्या सुनेचं माहेरी जाणं. गिरणीनं हातांची सालं जायची थांबवली, म्हणून आम्ही तिला दुवाच दिला. पण गिरणीवर पोतं घेऊन जाणार पुरुष किंवा पोरगा. भात कधी भरडायचं, किती भरडायचं, कोंडा घरी आणायचा की तिथेच विकायचा, हे ठरवणं बायकांच्या हातून गेलं ते गेलंच. शिवाय घरी सडलेल्या तांदळाला थोडा तांबूसपणा असायचा, तो पांढऱ्या तांदळात राहिला नाही. माझ्या सासूबाई पहिल्यांदा तो तांदूळ बघून म्हणाल्या होत्या, "ह्यात खायचं काय ठेवलंय?" त्यांना जीवनसत्त्वं ठाऊक नव्हती, पण बोलल्या ते चुकीचं नव्हतं.

त्यानंतर कुकर. हॉकिन्स कंपनी 1959 मध्ये निघाली, प्रेस्टिजचा कुकरही त्याच सुमाराचा. पण आमच्या गावांत कुकर दिसायला लागला तो लग्नाच्या आंदणात. पितळी हंडा-कळशीवर आणि स्टीलच्या डब्यांवर नाव घालून घ्यायची पद्धत होती, कोणाकडून, कोणाला, कोणत्या तारखेला. कुकरवरही काही जणींनी नाव घालून घेतलं होतं. रुखवतात तो मधोमध मांडायचा आणि लग्नानंतर वर्षभर कपाटात. पाहुणे आले की काढायचा. वाफेची भीती होतीच. शिटी झाली की लहान मुलांना लांब पिटाळायचं, आणि वाफ जिरायच्या आत झाकण उघडायला जाणाऱ्या बाईची कथा प्रत्येक गावात एकतरी होती.

गावठी कोंबड्याच्या परीक्षेत कुकर पहिल्या वर्गात पास झाला. चुलीवर दोन-दोन तास न शिजणारा जून कोंबडा त्यात लोण्यासारखा व्हायचा. वालाच्या बिरड्यात तो साफ नापास. मोड आणून, एकेक दाणा सोलून केलेलं बिरडं अख्खं राहिलं पाहिजे, आणि कुकर त्याचा लगदा करतो. आजही आमच्याकडे बिरडं पातेल्यातच, झाकणावर पाणी ठेवून. भाताचं मात्र वेगळंच झालं. पूर्वी भात वेळायचा, म्हणजे जास्त पाण्यात शिजवून वरचं पाणी काढायचं. ती पेज, चिमूटभर मीठ घालून, शेतावर जाणाऱ्यांचं पहिलं खाणं असायची. आजारी माणसाला पेज, बाळंतिणीला पेज, तान्ह्या पोराला पेज. कुकरच्या डब्यात पाणी मोजून घालायचं, मग पेज निघणार कुठून? कुणी बंद केली नाही, ठराव झाला नाही, पण दहा-पंधरा वर्षांत ती घराघरांतून गेली. आता डॉक्टर सांगतात तेव्हा मुद्दाम करतो.

स्टव्हबद्दल गोड आठवणी सांगायला मला जमत नाही. रेशनच्या रॉकेलची रांग, पिन मारून मोकळा करायचा बर्नर, अन्नाला येणारा तो वास, हे सगळं आम्ही हसत सांगतो. पण आमच्या लग्नाच्या वयात वर्तमानपत्रात एक ठरलेली बातमी यायची, 'स्टव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू'. भडका नेहमी सुनेच्याच साडीला कसा लागतो, हे कोणी मोठ्यानं विचारायचं नाही. 1983 मध्ये 498-अ कलम आलं, तेव्हा गावातल्या बायकांना कलमाचा आकडा पाठ झाला होता. माझ्या आईनं मला सासरी पाठवताना पंपाचा स्टव्ह देऊ दिला नाही. वातीचा दिला, वडिलांनी कारण विचारलं तेव्हा "वातीच्याला रॉकेल कमी लागतं" एवढंच म्हणाली.

मिक्सर हे यंत्र मात्र आमच्या मनासारखं निघालं, आणि त्याला कारण आहे. 1963 साली मुंबईत सत्यप्रकाश माथुर या इंजिनिअरनं 'सुमीत' काढला तो बायको माधुरी हिच्या अडचणीतून. तिचा परदेशी मिक्सर आपलं वाटण वाटताना बंद पडला होता. परदेशी यंत्र फळांचा रस आणि केकचं मिश्रण डोळ्यांसमोर ठेवून केलेलं. आपल्याकडे त्यात सुकं खोबरं, धणे, भिजवलेली डाळ जाणार. ते पेलेल अशी मोटर आणि तशी पाती हवी होती. घरी वाटण करणारी बाई मधे असल्याशिवाय हे कोणाला सुचलं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

आमच्याकडे मिक्सर आला तो भिशीच्या पैशांनी. भिशी लागली की पहिली खरेदी सोन्याची की मिक्सरची, यावर जावांत वाद व्हायचे. आला तेव्हा त्याला भरतकामाचं कव्हर, वर हळद-कुंकू. पण वाटणाची परीक्षा त्यालाही द्यावी लागली. सासूबाईंनी एकाच खोबऱ्याचं निम्मं पाट्यावर, निम्मं मिक्सरात असं वाटून दोन कालवणं करायला लावली. पाट्याची सरशी झाली. वरवंट्याखाली खोबरं चिरडतं आणि तेल सुटतं, मिक्सरचं पातं ते नुसतं बारीक कापतं. शिवाय जास्त वेळ फिरवलं तर गरम होऊन वास उडतो. म्हणूनच वर्षाचा मसाला आम्ही कधी मिक्सरमध्ये केला नाही. होळीनंतर मिरच्या, धणे, हळकुंडं उन्हात घालायची, तेलावर भाजायची आणि शहापूर, किन्हवली, सरळगाव, मुरबाडला कांडपावर रांग लावायची. कांडपही विजेवरचंच, पण ते कुटतं, कापत नाही. तिथे शिंकत, डोळे पुसत बसलेल्या बायकांत उखळाभोवतीच्या गप्पा थोड्या तरी शिल्लक होत्या.

पाटा हरला नाही तरी बाजूला पडला, कारण रोज सकाळी आठच्या आसनगाव किंवा वाशिंद लोकलला डबा द्यायचा होता. घरचे पुरुष ठाण्या-मुंबईच्या कारखान्यांत कामाला, पोरं कल्याणच्या कॉलेजात. पाट्याला टाकी लावून देणारी माणसं गावात फिरायची थांबली, ती याच काळात. तरी कोणी पाटा फेकून दिला नाही, आणि 2005 नंतरच्या भारनियमनात तो शहाणपणा कामाला आला. दिवसातले कित्येक तास वीज नसायची. पेपरात आलेलं वेळापत्रक आम्ही मीठ-मसाल्याच्या डब्याच्या झाकणाला चिकटवून ठेवायचो. वीज जायच्या आत वाटण, वीज आली की पाणी, मधल्या वेळात पाटा. डोक्यावरून पडघ्याकडे जाणाऱ्या उच्चदाबाच्या तारा गुणगुणत असायच्या आणि खाली आम्ही मेणबत्तीच्या उजेडात वरवंटा ओढत असायचो. यावर त्या काळी बायकांनी केलेले विनोद इथे लिहिण्यासारखे नाहीत.

नापासांची यादी मोठी आहे. दोन तव्यांत गोळा दाबायचा रोटी मेकर कोणाच्या तरी मुंबईच्या नणंदेनं भेट दिला होता. गव्हाची पोळी त्यात कशीबशी होते. तांदळाची भाकरी उकड काढून, काटवटीत मळून, पाण्याच्या हातानं थापायची, ती त्या यंत्रात चिरफाळून बाहेर यायची. इंडक्शन आली तेव्हा कळलं की तिला लोहचुंबक चिकटेल असंच भांडं लागतं. आमची सगळी पातेली अ‍ॅल्युमिनियमची आणि पितळेची. म्हणजे शेगडी एकटी येत नाही, सोबत भांड्यांचा दुसरा संसार मागते. न चिकटणारा तवा मात्र घावनांमुळे घरात राहिला. औरंगाबादच्या नानासाहेब भोगल्यांनी 1968 मध्ये 'निर्लेप' सुरू केलं, त्याला आमच्या भागात तांदळाच्या घावनांनी हात दिला. बिडाच्या तव्यावर पहिलं घावन नेहमी मोडायचं, यावर नाही. फक्त सासूबाईंच्या पिढीनं तो राखेनं आणि काथ्यानं घासून चकचकीत पांढरा केला, असं तीन-चार घरांत तरी झालं.

सगळ्यांत राग येतो तो पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा. शहापूर तालुक्यात तानसा धरण 1892 चं, भातसा त्यानंतरचं, आणि मुंबईचं जवळपास निम्मं पाणी एकट्या भातशातून जातं. त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर येतो. अशा घरात मुलानं हौसेनं आरओ बसवला. एक लिटर पाणी देताना तो दोन-तीन लिटर नळीवाटे बाहेर सोडतो. जी बाई डोक्यावर हंडा घेऊन टेकडी चढली आहे, तिला हे बघवत नाही. आता घरोघरी त्या नळीखाली बादली असते, आणि ते पाणी भांड्यांना, फरशीला जातं. बादलीचं हे कंपनीच्या पुस्तिकेत कुठे नव्हतं, ते बायकांनी बसवलं.

गॅससाठी आम्ही वर्षानुवर्षं नंबर लावले. खासदाराच्या कोट्यातलं कनेक्शन मिळावं म्हणून गावच्या पुढाऱ्याला चहा पाजला, आणि 14.2 किलो गॅस भरलेली टाकी जीपच्या टपावरून आणली. पुढे 2016 च्या मे महिन्यात उज्ज्वला योजना सुरू झाली आणि वाड्यांवरच्या बायकांच्या घरीही टाकी पोचली. ठाकूरवाडीवरची एक बाई मला म्हणाली, "टाकी आली ताई, पण ती भरायला लागती." तिच्या घरी गॅसवर चहा होतो, बाकी सगळं चुलीवर. खरं तर आमच्याही परसात चूल आहेच. आंघोळीचं पाणी, भाकरी आणि सुकटीचं कालवण तिथेच. सुकट घरात भाजली तर वास फ्रिजमधल्या दुधालाही लागतो, अशी सुनेची तक्रार असते. माळशेजच्या रस्त्यावरच्या ढाब्यांवर 'चुलीवरचं मटण' असा फलक लावून जास्त पैसे घेतात, हे तिला सांगितलं की ती म्हणते, "मग आई, तुम्हीच काढा एक."

आता तिनं एअर फ्रायर आणलाय. सुके बोंबील त्यात झकास होतात, हे मला मान्य करावं लागलं. निखाऱ्यावरच्याइतके नाहीत, पण धूर नाही. फ्रीजरचा उपयोग मात्र आम्हीच शोधला. जूनच्या पहिल्या पावसात कातकरणी शेवळं घेऊन दारात येतात. ती सोलून, चिरून, थोडी उकडून डब्यांत भरून ठेवायची. पुण्याची मुलगी नाताळच्या सुट्टीत आली की डबा काढायचा. पावसाळ्यातली भाजी थंडीत खाणं मला अजून पटत नाही. शिवाय शेवळांनी घशाला सुटणारी खाज मोडायला लागणारी काकडाची फळं तेव्हा मिळत नाहीत, म्हणून जूनमध्येच त्यांचा रस काढून वेगळ्या डबीत गोठवून ठेवते. त्या डबीवर नाव लिहावं लागतं. मागच्या वर्षी जावयांनी तिचं सरबत केलं होतं.