वाढत्या अंगाचं

बाळंतविड्यात आलेले कपडे उलगडून पाहिले तर जवळजवळ सगळे एकाच मापाचे निघतात. आत्याने शिवलेली झबली, मावशीने विणलेलं टोपरं, शेजारच्या काकूंची लाळेरी आणि पायमोजे, आजीने हौसेने शिवलेली खणाची कुंची. सगळं पहिल्या दोन-तीन महिन्यांच्या इवल्या अंगाचं. देणाऱ्या प्रत्येकीच्या डोळ्यांसमोर नुकतं जन्मलेलं बाळ असतं. रांगून रांगून गुडघ्यावरचं कापड झिजवणारं सात-आठ महिन्यांचं पोर तेव्हा कुणालाच दिसत नाही. ते दिसतं घरातल्या एका बाईला. ती कधी बाळाची आई असते, कधी आजी, कधी मोठी काकू. त्या ढिगातून ती चार मोठी झबली बाजूला काढते आणि म्हणते, "ही राहू देत. थंडीत होतील."

ऑगस्टात बसून थंडीतल्या बाळाचं अंग डोळ्यांसमोर आणणाऱ्या या बाईबद्दल मला फार आदर आहे. घरातली बाकीची कामं दिसतात. पोळ्या दिसतात, दोरीवरचं धुणं दिसतं, घासलेली भांडी दिसतात. हे काम मात्र तिच्या डोक्यातच चालतं. एका मुलाची तीन मापं तिला एकाच वेळी ठाऊक असतात: नुकतं सुटलेलं, आज अंगावर असलेलं आणि अजून यायचं आहे ते. घरात दोन मुलं असतील तर सहा. त्यात नणंदेची मुलगी आणि भावाचा मुलगा धरला, की मनातला हा हिशेब एखाद्या वाण्याच्या खतावणीएवढा होतो, आणि तो कुठेही लिहिलेला नसतो.

लिहायचं ठरवलं तरी काय लिहायचं हा प्रश्नच असतो. आमच्याकडे दिवाणाच्या पोटात उशांचे जुने अभ्रे भरून ठेवलेले असत आणि प्रत्येकावर टाचणीने चिठ्ठी लावलेली असे. सासूबाईंनी त्या चिठ्ठ्यांवर वय कधी लिहिलं नाही. 'बसायला लागल्यावर', 'पाऊल टाकल्यावर', 'बालवाडी, पहिलं वर्ष' असं त्या लिहीत. मला ही पद्धत आजही सर्वांत शहाणी वाटते. वर्षाची दोन मुलं शेजारी उभी केली तर एक दुसऱ्याच्या कानापर्यंतच पोचतं, पण पाऊल टाकणाऱ्या कोणत्याही पोराला लांब, पायात अडकणारा फ्रॉक नको असतो आणि बसणाऱ्या बाळाला पाठीवर रुतणारी बटणं नको असतात. मूल काय करायला लागलं आहे, त्यावर त्याला काय घालायचं ते ठरतं.

ठेवण्याचंही शास्त्र असतं. कपडा धुऊन, कडक उन्हात वाळवून मगच अभ्र्यात जायचा, नाहीतर पावसाळ्यात कुबट वास धरतो. दुधाचा डाग फसवा. धुतल्यावर तो गेलासा वाटतो, आणि वर्षभर घडीत राहिला की पिवळा होऊन वर येतो. इलॅस्टिक वापरलं नाही तरी मरतं. चड्डी नवीकोरी दिसते, पण कमरेत ताण उरलेला नसतो. म्हणून अनुभवी बाई चड्ड्या साठवत नाही, फ्रॉक आणि स्वेटर साठवते. लोकरीच्या कपड्यांत वेखंडाचा तुकडा घालते. हे तिला कुणी शिकवलेलं नसतं असं आपण म्हणतो, पण ते खरं नाही. आधीच्या बायांनी तिच्या देखत हे सगळं केलेलं असतं.

जन्मताना बाळ साधारण ५० सेंटिमीटर लांब असतं. वर्षाचं होईपर्यंत ते ७५ सेंटिमीटरच्या आसपास जातं, म्हणजे मूळच्या दीडपट. पुढच्या वर्षात आणखी दहा-बारा सेंटिमीटर. मग वेग मंदावतो आणि शाळेच्या वयात वर्षाला पाच-सहा सेंटिमीटरवर स्थिरावतो. पहिल्या वर्षात कपड्यांची चार-चार मापं उलटतात आणि सहाव्या वर्षी एकच शर्ट दोन दिवाळ्या निघतो, त्याचं कारण हे. पण आया आणखी एक गोष्ट सांगतात, जी आकड्यांच्या सरासरीत दिसत नाही. "काल अंगात जात होतं हो हे झबलं, आज बाहीच चढेना." ऐकणारा हसतो. पण १९९२ साली मिशेल लॅम्पल या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात तान्ह्या मुलांच्या वारंवार घेतलेल्या मापांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं ते असं, की बाळ रोज थोडं थोडं वाढत नाही. कित्येक दिवस, कधी कधी दोन महिने, ते आहे तेवढंच राहतं आणि मग एकाएकी अर्ध्यापासून अडीच सेंटिमीटरपर्यंत उडी घेतं. झबल्याच्या बाहीपाशी अडून बसलेल्या आईला हे आधीच कळलेलं होतं.

मुलाच्या वाढीची सलग नोंद ठेवण्याचा सर्वांत जुना ज्ञात प्रयत्नही घरातलाच आहे. फ्रान्समधल्या माँबेयार नावाच्या एका सरदाराने १७५९ साली जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची तो अठरा वर्षांचा होईपर्यंत साधारण दर सहा महिन्यांनी मोजून ठेवली, आणि त्याचा मित्र, निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ याने ती छापली. वाढीच्या अभ्यासाच्या पुस्तकांत तो आलेख आजही असतो. मला त्या आलेखाच्या कडेला त्या मुलाचे कपडे शिवणारी बाई उभी दिसते. तिच्याकडेही नोंद असणारच, उसवलेल्या आणि पुन्हा घातलेल्या टाक्यांची.

आपल्याकडची जुनी कापडं या वाढीला वाट करून देतच शिवलेली असत. झबल्याला मागे बंद असतात, आज घट्ट बांधा, महिन्याने सैल. कुंची डोक्यावरून पाठीवर सोडायची, तिला माप जवळजवळ नसतंच. परकराला नाडी असते आणि घेराच्या वर आतल्या बाजूला कापड दुमडून आडवी टीप मारलेली असे. मुलगी उंच झाली की एक टीप उसवायची, परकर चार बोटं खाली. उसवलेल्या पट्टीचा रंग उरलेल्या कापडाहून ताजा दिसे आणि जुन्या दुमडीच्या जागी फिकट रेघ राही. तीन रेघांचा परकर नेसलेली मुलगी किती वर्षांत किती वाढली, हे रस्त्यावरच्या कुणालाही वाचता येई. मुलींना त्या रेघांची लाज वाटे, हेही खरं. शिंप्याकडे गेलं की आई पहिलं वाक्य बोलायची, "वाढत्या अंगाचं शिवा." शिंपी मान हलवून दोन बोटं कापड आत ठेवायचा. त्या दोन बोटांत पुढचं वर्ष असायचं.

तयार कपड्यांत ही दोन बोटं नाहीत. शिवणीत कापड इतकं कमी असतं, की उसवून हाती काही लागत नाही. त्याऐवजी मानेपाशी एक चिठ्ठी असते, आणि ती दुकानागणिक वेगळं बोलते. एकाची 'दोन ते तीन वर्षे' दीड वर्षाच्या पोराला घट्ट होते, दुसऱ्याची चार वर्षांच्या मुलीला ढगळ. गणवेशाच्या दुकानात वय नसतंच, तिथे बावीस, चोवीस, सव्वीस असे दोन-दोनाने चढणारे आकडे. भारतीय अंगांची मापं घेऊन स्वतःचं प्रमाण ठरवण्याचा जो मोठा प्रकल्प निफ्ट या फॅशन तंत्रज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेने हाती घेतला, त्यातही १५ ते ६५ वर्षांची माणसंच मोजायची ठरली. सर्वांत भरभर बदलणारी अंगं त्यात नाहीत. ती मोजायचं काम घरातच राहिलं आहे.

माझी नणंद जर्मनीत असते. तिथे मुलांच्या कपड्यांवर थेट उंची छापलेली असते, सहा-सहा सेंटिमीटरच्या पायऱ्यांनी: ८०, ८६, ९२, ९८. तिचा फोन येतो, "वहिनी, ब्याण्णवचा गठ्ठा रिकामा झाला. पाठवू का तुझ्याकडे?" मी दाराच्या चौकटीवरची पेन्सिलची रेघ टेपने मोजून उत्तर देते. वयाचा गोंधळ मिटतो. ऋतूचा मात्र मिटत नाही, आणि खरी बुद्धी लागते ती तिथे. माप बरोबर असून चालत नाही, त्या मापाचं मूल ज्या महिन्यात असेल त्या महिन्यात तो कपडा घालता आला पाहिजे. तिच्या मुलीने जानेवारीत वापरलेला आतून मऊ अस्तराचा ब्याण्णवचा कोट माझ्या मुलाच्या अंगाला आला तो पुण्याच्या एप्रिलमध्ये. तो तसाच पुढे नाशिकला गेला, माझ्या मावसबहिणीकडे, कारण तिचं बाळ डिसेंबरात त्या मापाचं होणार होतं. असा एखादा कपडा अचूक महिन्यात अचूक अंगावर जाऊन बसतो तेव्हा मला जो आनंद होतो तो मी लपवत नाही.

बोरन्हाणाच्या काळ्या झबल्याचं गणित याहून नाजूक. संक्रांत ठरलेली, पण मुलं कुठल्याही महिन्यात जन्मतात. आमच्या घराण्यातलं एकच काळं झबलं, पांढऱ्या खडीच्या ठिपक्यांचं, एका मुलाला पाचव्या महिन्यात घातलं गेलं आणि दुसऱ्याला चांगलं सव्वा वर्षाचं झाल्यावर. हलव्याचे दागिने चढवले, डोक्यावरून बोरं, चुरमुरे आणि चॉकलेटं ओतली, फोटो काढले, आणि दोन तासांत झबलं पुन्हा घडीत. मागचे बंद होते म्हणूनच ते इतक्या अंगांना पुरलं. फोटोंमध्ये ते पाठमोरं कधी दिसत नाही, त्यामुळे कुणाला गाठ किती सैल बांधली होती ते कळत नाही.

जून २०१९मध्ये कितीतरी घरांनी नेहमीसारखा एक माप मोठा गणवेश घेतला. पहिल्या वर्षी बाह्या दुमडायच्या, दुसऱ्या वर्षी तो बरोबर बसायचा. मार्च २०२०मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि ते दुसरं वर्ष घरातच गेलं. पोरं पडद्यासमोर बसून वाढत राहिली. शाळा उघडल्या तेव्हा कपाटातले शर्ट कोपरापर्यंतही नीट येईनात, आणि त्यांच्या कॉलरी मात्र तशाच ताठ. त्या ताठ कॉलरी पाहून माझ्या पोटात कालवलं. मुलाचं शाळेतलं एक माप कुणी न पाहताच निघून गेलं होतं.

"याला कपडे पुरतच नाहीत बाई" ही तक्रार मी जिथे ऐकते तिथे मनातल्या मनात देवाला हात जोडते. कारण कपडा पुरणं ही काळजीची गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने दिल्लीसह जगातल्या सहा ठिकाणची निरोगी, नीट पोसलेली मुलं अभ्यासून २००६ साली वाढीची प्रमाणं जाहीर केली. पहिल्या पाच वर्षांत, खायला-प्यायला मिळालं आणि आजारांपासून जपलं, तर सगळीकडची मुलं जवळपास सारखीच उंच होतात, असं त्यातून दिसलं. आणि आपल्या महाराष्ट्रात, २०१९ ते २०२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, पाच वर्षांखालच्या ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे. म्हणजे तीन मुलांमागे एकाहून थोडी जास्त. त्या घरांत फ्रॉक तिसऱ्या वर्षीही अंगाला होतो. त्या घरातल्या आईलाही माप कळतं, तिलाही शेजारणीच्या पोरीचा फ्रॉक आखूड झालेला दिसतो. अंगणवाडीच्या तक्त्यावर ठिपका पडण्याआधी तो तिच्या डोळ्यांत पडलेला असतो. तिला हिशेब येत नाही असं कुणी म्हणू नये. तिच्याकडे ताटात वाढायला कमी आहे.

सुटलेल्या कपड्यांचं पुढे काय, यावर माझं मत पक्कं आहे. ते फिरले पाहिजेत. बोहारणीला देऊन पातेलं घेणाऱ्या आजीचं मला पटतं, कारण तो कपडा पुढे कुणाच्या तरी अंगावर जातोच. अगदी विरलेले असतील तर गोधडीत जावेत. आठवण म्हणून प्रत्येक माप जपणारी घरं मी पाहिली आहेत. तिथे माळ्यावर ढीग असतो आणि खालच्या मजल्यावरच्या कामवालीचं पोर थंडीत उघडं असतं. एखादं टोपरं ठेवावं. बाकीचं सोडावं.

शेवटचं वळण येतं ते दहा-बारा वर्षांवर. मुलींची उंची अकरा-बाराच्या सुमाराला आणि मुलग्यांची साधारण दोन वर्षांनी पुन्हा झपाट्याने वाढते, वर्षात आठ-नऊ सेंटिमीटरही. तोवर आईचा मापाचा अंदाज बरोबर येत असतो. इथे तिचा अंदाज चालेनासा होतो, कारण आता मुलीला स्वतःचं मत असतं. रंग, गळा, बाही, कशातही आईने बोललेलं तिला नको असतं. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. गेल्या दिवाळीचा निळा कुर्ता तिला यंदा खांद्यात होईना. तिने तो काढला, माझ्याकडे एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "आई, तुला होईल हा. घालून बघ." मी घातला, आणि झाला. बाही तेवढी दोन बोटं लांब आहे, ती आज दुपारी आत घेते.