हरमॅटनमधली ज्वारी

हरमॅटन सुटला की सहाराची बारीक धूळ उत्तर नायजेरियावर अशी उतरते, की भरदुपारीही ऊन फिकट पडतं, ओठ फुटतात, पाण्याच्या घोटाला मातीची चव येते, आणि कडुना राज्यातल्या लेरे भागातले खडकाळ डोंगर आपापल्या कडा हरवून नुसते सावल्यांसारखे उरतात. त्या धुळीत ज्वारी उभी असते. माणसाच्या दुप्पट उंच.

अकुर्मी लोकांचा हा मुलूख. बाहेरचे त्यांना कुरामा म्हणतात.

सामिनाकाच्या बाजारात मक्याच्या पोत्यांमधून वाट काढत हिंडले, तर कानावर हौसाच हौसा. भाव हौसात, घासाघीस हौसात, शिव्यासुद्धा. पाचशेहून अधिक भाषांच्या या देशात लहान भाषेनं बाजारात यायचं नसतं. तिनं घर सांभाळायचं असतं.

घरी ती भेटली. मातीची गोल कणगी, तिच्यावर गवताचं छप्पर, अंगणात पालथे ठेवलेले भोपळ्याचे तुंबे, उन्हात वाळणारी गोरखचिंचेची पानं, आणि या सगळ्यावर दाटून राहिलेला दादावाचा वास. डोरावाच्या झाडाच्या बिया शिजवून, आंबवून करतात तो. नाकाला झोंबतो, कपड्यांत मुरतो. तो मला आवडायला लागला असं म्हणणार नाही. पण पुढे त्याच्याविना कालवण पोरकं वाटू लागलं, एवढं खरं.

चुलीशी बसलेली आजी अकुर्मींच्या भाषेत, तकुर्मीत, बोलायची आणि दहा-बारा वर्षांची नात हौसात उत्तर द्यायची. या वस्तीत कुणी शुक्रवारी मशिदीत जातं, कुणी रविवारी चर्चमध्ये, आणि पेरणीला सगळे एकाच पावसाची वाट बघतात, तसंच हेही. एकीचा शब्द दुसरीकडे पोचत होता, मध्ये काही सांडत नव्हतं. हळहळ काय ती मलाच. पाहुण्याला तेवढी चैन परवडते.

आजीनं उकळत्या पाण्यात ज्वारीचं पीठ सोडलं, लाकडी दांड्यानं घोटू लागली. तुवो. हजारो वर्षांपूर्वी हेच धान्य आफ्रिकेतून आपल्याकडे आलं, सोलापूर-नगरच्या काळ्या रानांत रुजलं, आणि मी मात्र आजवर ते आमचंच समजून खात आले होते. मी हवेत हात नाचवून तिला भाकरी थापून दाखवली, तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटवली. आजी बघतच राहिली. मग खदखदून हसली, काहीतरी बोलली; ते नातीनं हौसात सांगितलं, आमच्या ड्रायव्हरनं इंग्रजीत, आणि माझ्यापर्यंत आलं ते असं: इतके चटके सोसून एका वेळी एकच? मग घरातली बाकीची माणसं जेवतात कधी?

मी म्हटलं, बाई सगळ्यांत शेवटी जेवते.

तेही तीन भाषांतून उलटं गेलं. आजीनं मान हलवली. त्याला दुभाषा लागला नाही.