पालमधील मुक्काम आणि शेगडीची निवड

रावेरहून उत्तरेस निघाले की केळीच्या बागा मागे पडतात आणि सातपुड्याच्या कुशीतले पाल येते. (तंबूलाही मराठीत पालच म्हणतात!) हिवाळ्यात येथे तंबू ठोकून राहावयाचे, तर खानदेशी माणसाला पऱ्हाट्यांच्या जाळावरचे भरीत आठवणारच. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही लाभले. पण तो जाळ शेतातच शोभतो. यावल अभयारण्याच्या परिसरात उघडा विस्तव नको, आणि दमेकरी ज्येष्ठांना धूर तर मुळीच नको.

म्हणून लहान गॅस शेगडी सोबत घ्यावी. गॅसच्या डब्यावरच बसणारी शेगडी हलकी, परंतु उंच व डळमळीत असते. कापऱ्या हाताचा धक्का लागताच पातेले कलंडते. रुंद बैठकीची, डबा आडवा बसणारी चपटी शेगडी जड असली तरी मी तीच निवडीन. ती भक्कम टेबलावर मांडल्यास गुडघे दुखणाऱ्यांना वाकावे लागत नाही. कडाक्याच्या पहाटे ब्यूटेनची आच मंदावते. चहाला उशीर होईल, इतकेच.

मात्र थंडी कितीही असो, शेगडी तंबूत पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. झोपेतच माणूस बेशुद्ध होतो. ऑक्सिजन घेणाऱ्या रुग्णाला ज्योतीपासून दूरच बसवावे. कळण्याच्या भाकरी घरूनच भाजून न्याव्यात, म्हणजे शेगडीजवळ फार वेळ थांबावे लागणार नाही. परततेवेळी उरलेला डबा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये.