नकाराचा शेवट

महिन्यातून एकदा, रविवारी संध्याकाळी, बडोद्यात आम्ही सात-आठ मराठी मंडळी कुणा एकाच्या घरी जमतो. कधी पुस्तकावर बोलतो, कधी चित्रपट पाहतो. अशाच एका रविवारी आम्ही ‘द चॉकलेट वॉर’ हा अमेरिकन चित्रपट पाहिला. रॉबर्ट कॉर्मियर यांची याच नावाची कादंबरी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाली. कुमारवयीन वाचकांसाठी असलेली ही कादंबरी इतकी अंधारी आहे, की तिकडच्या शाळांच्या ग्रंथालयांतून ती काढून टाकावी अशी मागणी पुनःपुन्हा झाली आहे. तिच्यावरून कीथ गॉर्डन यांनी १९८८ मध्ये चित्रपट केला आणि शेवट बदलला. आमच्यातल्या निम्म्यांनी कादंबरी वाचलेली होती, निम्म्यांनी नव्हती. वाद होणार हे उघड होते.

कथानक साधे आहे. मुलांच्या एका कॅथलिक शाळेची सूत्रे तात्पुरती ब्रदर लिऑन या शिक्षकाकडे आलेली असतात. शाळेच्या मदतीसाठी तो चॉकलेटच्या वीस हजार पेट्या घेऊन ठेवतो. चारशे मुले, प्रत्येकी पन्नास पेट्या. विक्री ऐच्छिक आहे असे तोंडाने सांगितले जाते; पण रोज वर्गात नावे पुकारली जातात आणि प्रत्येकाने आपला आकडा सांगायचा असतो. नुकताच आईला मुकलेला जेरी ‘नाही’ म्हणतो. पहिले दहा दिवस तो नकार देतो तो शाळेतल्या गुप्त टोळीच्या हुकमावरून. अकराव्या दिवशी हुकमाची मुदत संपते, तरीही तो ‘नाही’च म्हणतो. हा अकरावा नकार त्याचा स्वतःचा असतो.

पुढे काय होते, यातच कादंबरी आणि चित्रपट वेगळे होतात. कादंबरीत रात्री मैदानावर, साऱ्या शाळेसमोर, मुष्टियुद्धाचा खेळ मांडला जातो. मुले तिकिटे विकत घेतात आणि कुणी कुणाला कुठे ठोसा मारायचा ते त्या तिकिटांवर लिहितात. जेरी त्यात मोडून पडतो. असा नकार देऊ नये, एवढेच त्याला आता मित्राला सांगावेसे वाटते. चित्रपटात मात्र काळ्या गोटीची चिठ्ठी टोळीचा सूत्रधार आर्ची याच्यावरच उलटते. त्याला रिंगणात उतरावे लागते आणि जेरी त्याला लोळवतो.

दिवे लागताच आमच्यातले एक निवृत्त बँक अधिकारी संतापून म्हणाले, “ही फसवणूक आहे. शेवट बदला म्हणून प्रकाशक मागे लागले, हस्तलिखित परत करीत राहिले, तरी लेखक बधला नाही. त्याने जपले ते दिग्दर्शकाने सोडून दिले.” एका बाईंना ते पटले नाही. त्या म्हणाल्या, “पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसमोर नुसता काळोख ठेवून काय साधते? एखादी तरी फट नको का?” त्यांची बारावीतली नात तोवर गप्प होती. तिने कादंबरी वाचलेली नव्हती. ती म्हणाली, “पण आजी, तो जिंकला कुठे? सगळ्यांना मारामारी पाहायची होती, ती त्याने दाखवली. त्याचा चेहरा बघितलास ना?” यावर बँकवाले काका क्षणभर थांबले. मग वाद पुन्हा पेटला.

मी बोललो नाही. आर्ची खाली पडला तेव्हा मला आनंद झाला होता, आणि त्या आनंदाचीच मला शंका येऊ लागली होती.

मी तीस वर्षे शिक्षक होतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका शाळेने इमारत निधीसाठी नाटकाचा प्रयोग लावला होता. प्रत्येक मुलाला दहा तिकिटांचे एक पुस्तक दिले होते. विक्री ऐच्छिक होती. रोज सकाळी हजेरीनंतर मी आकडे विचारीत असे. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहून म्हणाला, “सर, मला नाही विकायची.” कारण विचारले, तर ते त्याच्यापाशी नव्हते. मी रागावलो नाही, छडी उचलली नाही. फक्त रोज त्याचे नाव पुकारीत राहिलो. चौथ्या दिवसापासून त्याचे नाव आले की वर्ग हसू लागला. मी ते हसू थांबवले नाही. खरे सांगायचे तर मी त्याची वाट पाहत असे.

नवव्या दिवशी त्याने टेबलावर पाकीट ठेवले. आत दहा तिकिटांचे पूर्ण पैसे होते, आणि सोबत तिकिटांचे पुस्तक. त्यातले एकही तिकीट फाडलेले नव्हते. वडिलांनी पैसे दिले, एवढेच तो म्हणाला. मी आकडा लिहून घेतला. तो हरला असे मी तेव्हा धरून चाललो. त्याने तिकीट एकही विकले नव्हते, हे माझ्या ध्यानात यायला बरीच वर्षे जावी लागली.

कॉर्मियर यांच्या मुलानेही एकदा शाळेची चॉकलेटे विकायला नकार दिला होता. त्याला कुणी काही केले नाही. पण केले असते तर, या बापाच्या धास्तीतून ही कादंबरी निघाली. माझ्या वर्गातही म्हटले तर काही घडले नाही. कुणी कुणाला मारले नाही. फक्त रोज एक नाव पुकारले गेले.

जेरी पडावा की उठावा, यावर आम्ही तासभर भांडलो. ब्रदर लिऑनचे नाव मात्र एकदाही निघाले नाही. कादंबरीत तो दूर उंचावरून ती झुंज पाहत उभा असतो. चित्रपटातही त्याचे काही बिघडत नाही. शेवट कोणताही घ्या, हजेरीपट हाती असलेला माणूस दोन्हींत सुटतो. आर्चीला शिक्षा झाली की प्रेक्षकाचे समाधान होते आणि हिशेब मिटल्यासारखा वाटतो. माझा आनंद त्यातला होता.

निघताना त्या मुलीने विचारले, “सर, तुम्ही काहीच बोलला नाहीत. तुम्हाला कुठला शेवट पटला?”

मी पुन्हा खुर्चीवर बसलो आणि त्या सगळ्यांना तिकिटांच्या पुस्तकाची हकीगत सांगितली.