गोळी गरम पडते तेव्हा

रत्नागिरीजवळच्या आमच्या हातखंब्यात औषधं दोनच प्रकारची: मानवलेली आणि गरम पडलेली. तोंड आलं, पित्त खवळलं, डोकं गरगरलं, की गोळी गरम पडली. उपायही ठरलेला. कोकमाचं सरबत प्यायचं आणि गोळी परस्पर बंद करायची.

शेजारच्या काकींना रक्तदाबासाठी रामिप्रिल सुरू झालं. काही आठवड्यांतच कोरडा खोकला लागला. कफ नाही, ताप नाही. रात्री पाठ टेकली की ढास. ज्येष्ठमध झालं, अडुळशाचा काढा झाला, खोकल्याची बाटली झाली. रक्तदाबाच्या गोळीने खोकला येईल, हे कुणाच्या मनातही येईना. शेवटी रत्नागिरीच्या डॉक्टरांनी सगळ्या गोळ्या समोर ठेवायला सांगितल्या आणि ती एक बदलली. ढास हळूहळू गेली. रामिप्रिल शरीरातल्या ज्या विकराला अडवतं, तेच ब्रॅडिकायनिन नावाचं द्रव्यही मोडत असतं. ते साठलं की घसा खवखवतो. रक्तदाब उतरतो आणि खोकला येतो तो एकाच कामामुळे.

औषधाला आपल्याला हवा तेवढाच अवयव ओळखता येत नाही. आमच्या हातखंब्यावरून जाणाऱ्या महामार्गावरच महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 1980च्या दशकात लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरलं. मूळचं तेही रक्तदाबाचंच औषध. विंचवाच्या विषाने आवळलेल्या रक्तवाहिन्या त्याने सैलावतात आणि हृदयावरचा ताण उतरतो. पण पहिल्या मात्रेनंतर रोगी एकदम उठला, तर तोच सैलपणा त्याला चक्कर आणून पाडतो. म्हणून त्याला आडवंच ठेवायचं. ज्या गुणाने कोकणातली कितीतरी माणसं वाचली, त्याच गुणाची ही दुसरी बाजू.

तेव्हा दुष्परिणामाला भिऊन औषध टाकणं जितकं चूक, तितकंच तो मुकाट सोसणंही. रक्तदाबाची अटेनोलॉलसारखी गोळी अचानक सोडली, तर छातीत दुखणं उसळू शकतं. पण सांगायचं कुणाला? दवाखान्यात गर्दी, डॉक्टर रागावतील ही भीती, आणि हातात दुकानदाराने कात्रीने कापून दिलेल्या चार गोळ्या. नाव अर्धं पाकिटावर, अर्धं दुकानात. माहितीचा कागद मिळालाच, तर तो मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत.

औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्याकडे 2010पासून आहे. त्याचं केंद्र गाझियाबादला. 1800-180-3024 या मोफत क्रमांकावर डॉक्टरच नव्हे, रोगीही तक्रार नोंदवू शकतो. अशा नोंदींतूनच एखाद्या औषधाबद्दल नवा इशारा निघतो.

म्हणून पुढच्या खेपेला दवाखान्यात जाताना सगळी पाकिटं पिशवीत घाला. कुठली गोळी कधी सुरू झाली आणि त्रास कधीपासून, हे कागदावर लिहून न्या. गोळी बंद करायची की बदलायची, ते डॉक्टर ठरवतील. पण त्रास होतोय हे त्यांना तुम्हीच सांगायला हवं.