ओळंबा

विमान कारखान्यात तयार व्हावे आणि आपण तिकीट काढून त्यात बसावे, एवढीच माझी विमानविद्या. त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत ओहायोला चुलतभावाकडे गेलो, तेव्हा मोटार ठेवायच्या जागेत अर्धेमुर्धे विमान पाहून मी चाटच पडलो. तिकडे अशी विमाने सुट्या भागांनी, पेट्यांतून मिळतात. निम्म्याहून अधिक काम मात्र हौशी माणसाने स्वतः करायचे, असा सरकारी नियमच आहे.

पत्र्यांना भोके कारखान्यातच पाडलेली असतात. भोकावर भोक ठेवायचे, स्प्रिंगच्या चिमट्यांनी धरायचे आणि रिव्हेट मारायचे. ऐकायला किती सोपे! पण त्या दिवशी शेपटीतल्या एका बरगडीची भोके जुळेनात. फरक अर्ध्या सुताचा.

"दादा, सळई घालून जरा ओढली तर?" मी विचारले.

"बसेल रे. पण ओढून बसवलेला पत्रा ते ओढणे विसरत नाही. इंजिनाच्या थरथरीत एक दिवस तिथेच चीर पडते."

भोक मोठे करावे, तर त्यालाही मर्यादा. भोकाच्या मध्यापासून पत्र्याची कड रिव्हेटच्या व्यासाच्या दुप्पट तरी दूर हवी. नाही तर कडच फाटायची. दोन तास मापे घेऊन, दोष पत्र्याचा नसून बरगडीचा आहे अशी खात्री झाल्यावर त्याने ती बाजूला ठेवली आणि नवी मागवली.

पंख जोडताना तर त्याने पुढल्या कडेवरून ओळंबे सोडले. आपला गवंडी वापरतो तसलेच! ते सारे एका रेषेत येईपर्यंत, आणि पंखांच्या टोकांपासून शेपटीपर्यंतची अंतरे डावी-उजवीकडे सारखी भरेपर्यंत, मागच्या तुळईचे भोक त्याने पाडले नाही. ते एकदाच पाडता येते.

एवढा काटेकोरपणा कशासाठी, हे मला उजव्या आसनाच्या पाठीवर दिसले. तिथे माझ्या बारा वर्षांच्या पुतणीने पेन्सिलीने आपले नाव लिहून जागा धरून ठेवली होती.

जूनमध्ये माझ्या वर्गात एक मुलगा आला. पाचवीतला, पण वजाबाकी कच्ची. ओढूनताणून भागाकारात बसवला असता, तर सहामाहीपुरता बसलेला दिसलाही असता. मी त्याला घेऊन दुसरीच्या पुस्तकापासून बसलो.

दादाचे विमान अजून उडालेले नाही. आम्हीही हातच्यापर्यंतच आलो आहोत. घाई कुणाला आहे?