यॉर्कचा नरकासुर

आमच्या फोंड्याकडे दिवाळी पहाटेच पेटते. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावरची पोरे बांबू, गवत आणि रद्दी यांचा भला थोरला नरकासुर मिरवतात आणि उजाडायच्या आत त्याला अग्नी देतात. मग तेल-उटणे, ऊन पाणी, तुळशीपुढे डाव्या पायाखाली कारीट, आणि शेवटी पाटावर बसून दुधातले, ताकातले, रसातले पोहे. आमच्या वाड्यावर नरकासुराचा सांगाडा बांधायचा मान बाबांचा असे. २०१० सालच्या पावसाळ्यात बाबा गेले. महिना-दोन महिन्यांतच मी शिकायला इंग्लंडात, यॉर्कला आलो. "ठरलेले मोडू नकोस," असे आईनेच बजावले होते. तरी तिला एकटी टाकून आलो, हे मनातून जाईना.

यॉर्क म्हणजे ऊझ नदीकाठचे जुने, तटबंदीचे गाव. तटावरून कुठूनही निघा, मिन्स्टर या प्रचंड चर्चचे मनोरे तुमची पाठ सोडत नाहीत. नोव्हेंबरात सकाळी सातनंतर उजाडते आणि साडेचारच्या आत सूर्य मावळतो. दिवाळी करायची नाहीच, असे मी ठरवले होते. वर्ष सरेपर्यंत घरात सण नव्हता.

पण त्या वर्षी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आले, ५ नोव्हेंबरला; आणि तोच नेमका इंग्रजांचा गाय फॉक्सचा दिवस! १६०५ साली पार्लमेंटखाली बंदुकीच्या दारूची ३६ पिंपे दडवून राजासकट सभागृह उडवायचा कट फसला. पिंपांपाशी सापडला तो हा फॉक्स. तेव्हापासून त्या रात्री शेकोट्या पेटतात, आतषबाजी होते, त्याचा पुतळा जाळतात. आणि हा नरकासुर जन्माला आला तो १५७० साली, याच यॉर्कात!

४ तारखेला संध्याकाळी मी घरमालकीणबाईंना विचारले, "उद्या तुम्ही पुतळा जाळायला जाणार?"

"छे!" सत्तरीच्या त्या बाई म्हणाल्या. "माझे यजमान सेंट पीटर्स शाळेचे. फॉक्सही तिथलाच. ती शाळा त्याला जाळत नाही. गुन्हा केला खरा, पण पोर घरचे. घरच्या माणसाला कोण जाळील?"

मी गप्प राहिलो. घरच्या माणसाला मी त्याच पावसाळ्यात अग्नी दिला होता.

रात्री साडेअकराला फोन वाजला. फोंड्याला पहाटेचे पाच झाले होते. मागे फटाक्यांची लड ऐकू येत होती.

"नरकासुर जळतोय," आई म्हणाली. "पोरे गेल्या आठवड्यात विचारायला आली होती, सांगाडा कसा बांधायचा म्हणून. बाबांची सुतळी नि कोयता दिला काढून. बांधला हो त्यांनी. थोडा कलला होता."

"आणि तू?"

"मी न्हायले. आपल्याकडे यंदा सण नाही, पण न्हाण चुकवायचे नसते. दारात एक पणती ठेवलीय. तूही न्हा. कारीट फोड."

यॉर्कात कारीट कुठले? खोबरेल बाटलीत गोठले होते. ती गरम पाण्यात धरून तेल सोडवले. न्हाऊन मागल्या दाराशी गेलो आणि स्वयंपाकघरातला ब्रसेल्स स्प्राऊट, म्हणजे लिंबाएवढा कोबी, डाव्या पायाखाली धरला. पठ्ठ्या दोनदा निसटला. तिसऱ्यांदा चिरडला. बोटाने जिभेला लावून पाहिला. कारिटाइतका नव्हे, पण कडू होता.

संध्याकाळी गावावर दारूकाम उसळू लागले. मी खिडकीत वाटीभर तेलाचा दिवा लावला.

"कोणासाठी?" बाईंनी विचारले.

"वडिलांसाठी."

त्या आत गेल्या, एक मेणबत्ती घेऊन आल्या आणि माझ्या दिव्यावर पेटवून शेजारी ठेवली. कोणासाठी, हे मी विचारले नाही. बाहेर नदीपलीकडे शेकोट्या जळत होत्या. फोंड्याला तेव्हा मध्यरात्र उलटली होती, आणि दारातल्या पणतीत आईने निजण्यापूर्वी पुन्हा तेल घातले असणार, अशी माझी खात्री होती.